तिसऱ्या वाचनाचा दिवस

त्या सकाळी आजींनी मला दोनदा दाढी करायला लावली. पहिली त्यांच्या पसंतीस उतरली नाही. "संसदेत जायचंय आपल्याला, बाजाराला नाही," असं म्हणून त्यांनी डाव्या हाताचं बोट माझ्या हनुवटीखालून फिरवलं. उजवा हात त्यांचा लकव्यानं गेला आहे. तो हात, दोन्ही पाय, आंघोळ, औषधं आणि स्वयंपाक, ही माझी नोकरी.

घर माझं नागपूरच्या पलीकडल्या सौंसरचं, बायको जवळच्याच पांढुर्ण्याची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. बोरगावला कारखान्यात पोती उचलली, मग नागपूरला एका दवाखान्यात वॉर्डबॉय झालो, आणि तिथून म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामावर इस्रायलला आलो. आजी मराठी बोलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या कोकणातल्या शनवार तेली लोकांमधल्या, म्हणजे तिकडच्या जुन्या ज्यू घरातल्या. लहान असताना आईबापांबरोबर इकडं आल्या. पहिल्या दिवशी मी मोडक्या हिब्रूत चहाचं विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, "साखर कमी घाल." मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो होतो. अनोळखी देशात कुणीतरी आपल्या भाषेत साखर कमी सांगतं, याचे उपकार कसे फेडायचे ते मला अजून कळत नाही. माझ्या बोलीला मात्र त्या हसतात. "तू सगळं करूनच राहतोस. जेवून राहिलो, झोपून राहिलो. संपवतोस कधी?"

तर संसदेत जायचं कारण एक कायदा. माझ्यासारख्या परक्या मदतनिसाला इथं ठराविक वर्षंच राहता येतं. माझी वर्षं त्या महिन्याअखेर संपत होती. त्यात युद्ध सुरू. नवीन माणसं यायची बंद झाली आणि आहेत त्यांच्या मुदती संपत चालल्या. म्हणून संसदेत एक तात्पुरता कायदा आला: ज्याची मुदत लढाईच्या काळात संपते, त्यानं लढाई थांबेपर्यंत आहे त्याच घरी राहावं. इथं कायद्यावर तीनदा मतं घेतात, त्याला वाचन म्हणतात; पहिलं वाचन झालं होतं. दुसरं आणि तिसरं त्या दिवशी व्हायचं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून संसदेला सुट्टी लागत होती. म्हणजे तेव्हा झाला तर झाला, नाहीतर मी महिन्याअखेर विमानात आणि आजी वृद्धाश्रमात. आजी ज्या अपंगांच्या संघटनेत आहेत तिनं समितीपुढे बोलायला चाकांच्या खुर्चीवरच्या काही म्हाताऱ्या माणसांना बोलावलं होतं. त्यात आजींचं नाव लागलं.

निघताना बायकोला फोन केला. मंगळवार होता. ती भावाच्या मोटरसायकलवर जामसांवलीच्या मारोतीला निघाली होती.

"मारोतीले माहं सांगजो," मी म्हणालो. "आज होऊन जाऊ दे म्हणा."

"तुमी जेवले का?" ती म्हणाली, आणि गाडीच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

इकडं आजींचाही नवस ठरलेला. त्यांच्याकडे मलिदा करतात. पोहे, नारळ, गूळ, फळं एका ताटात मांडून एलियाहू नबीचं नाव घ्यायचं. कायदा झाला तर शुक्रवारी मलिदा, असं त्यांनी मला आदल्या दिवशीच सांगून पोहे भिजवायची पद्धत पुन्हा एकदा समजावली होती, जणू मी कोकणातला नाही म्हणून पोह्यांचा चिखल करणार.

संसदेच्या दारात तपासणीला फार वेळ गेला. खुर्चीची चाकं, गादीची शिवण, औषधांचा डबा, सगळं उलटंपालटं झालं. आजींनी शिपायाला हिब्रूत काहीतरी सुनावलं. "काय म्हणालात?" मी विचारलं. "म्हटलं, माझ्या गुडघ्यात बॉम्ब असता तर मी कधीच पळाले असते."

समितीची खोली आपल्या तहसील ऑफिसच्या मीटिंग हॉलपेक्षा काही फार मोठी नव्हती. लांब टेबल, माईक, पाण्याच्या बाटल्या, आणि सगळे एकाच वेळी बोलतात. मी कायदा करणं म्हणजे काहीतरी गंभीर, देवळासारखं समजून बसलो होतो. इथं एक बाई सँडविच खाता खाता एका कलमाला नाही म्हणत होत्या. मी खुर्चीची मूठ धरून ठेवली. ब्रेक लागलेला आहे की नाही, तीनदा पाहिलं.

आजींची पाळी आली. त्यांनी आधी माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांनी मान वळवली. त्या काय बोलल्या ते मला नंतर त्यांनीच सांगितलं. एक, हा माणूस गेला तर मला दुसरा हात उरत नाही. दोन, याला बायको आहे, तेव्हा कायद्यात एक ओळ घाला: लढाई चालू असताना याला एकदा घरी जाऊन परत येता यावं. टेबलाच्या टोकाशी बसलेल्या टक्कल पडलेल्या खासदारानं चष्मा काढून पुसला आणि ती ओळ आता घालता येणार नाही म्हणाला. जो देश सोडेल त्याची सवलत संपली. परतीचं युद्धानंतर पाहू.

"म्हणजे राहा तर बांधून राहा," आजी मला मराठीत म्हणाल्या, माईक चालू असतानाच.

तेवढ्यात सायरन झाला. घरी सायरन झाला की आमची ठरलेली रीत आहे: शाल, औषधांचा डबा, ब्रेक, दार. तिथं दार कोणतं तेच ठाऊक नव्हतं. एका शिपायानं हात धरून आम्हाला वळवलं, एका उतारावरून खाली, जाड भिंतींच्या लांब खोलीत. मघाचे सगळे तिथं आले. कायद्याच्या बाजूचे, विरुद्ध बाजूचे, सँडविचवाल्या बाई, झाडूवाले, ड्रायव्हर. वरच्या मजल्यावर एकमेकांना बोलू न देणारे खाली अगदी गप्प. वर कुठंतरी दण्ण झालं आणि दिवा थोडा हलला. आजींचा नातू राखीव फौजेत आहे. त्या फोनकडे पाहत होत्या आणि फोनला रेंज नव्हती.

टक्कलवाला खासदार नेमका आमच्याच शेजारी उभा. त्यानं आजींना काही विचारलं. आजी म्हणाल्या, "तो विचारतोय, तुमच्याकडे लढाई बिढाई होते का?"

मी म्हणालो, "आमच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरचे लोक एकमेकांवर गोटे फेकतात. नदीतल्या झाडावरच्या झेंड्यासाठी. डोकी फुटतात. मग ते झाड सगळे मिळून देवीच्या देवळात नेतात. माझा साळा दर वर्षी टाके घेतो आणि दर वर्षी सांगतो की औंदा लागलं नाही."

आजींनी ते हिब्रूत सांगितलं. खासदार आधी हसला, मग कुणी कुणाला टाके घालतं ते त्यानं विचारलं, आणि मग त्याचं हसणं थांबलं. ज्यांच्या घरांवर इथून गेलेले बॉम्ब पडून राहिले, त्यांच्या बायकाही आज कुठंतरी काही मागत असतील, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी बोललो नाही. त्या दिवशी माझा व्हिसा त्या खोलीतल्याच लोकांच्या हातात होता.

वर आलो तसा फोन वाजला. बायको. तिला मोबाईलवर हल्ल्याची बातमी आधीच दिसली होती.

"कुठं हा तुमी?"

"संसदेत. खाली नेलं होतं. आता वर आलो. काही नाही झालं."

मागं देवळातली घंटा ऐकू येत होती. ती म्हणाली, "मंग मी बरोबरच मागितलं."

"काय मागितलं?"

"तो कायदा नोको होऊ दे म्हटलं. होणारच नाही तर तुमी येसानच. खोटं काहून सांगू मारोतीच्या दारात?"

हिच्यावरच तर विसंबलो होतो सकाळपासून. रागही आला, आणि रागापेक्षा जास्त असं वाटलं की कुणीतरी मला बोलावतंय, किती दिवसांनी. म्हटलं, "ठीक आहे, ठेव," आणि ठेवला. आजींनी विचारलं, "काय म्हणते?" मी म्हणालो, "दर्शन चांगलं झालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हाच मला कळलं की फोनचा आवाज मोठा होता.

युद्धामुळे सभागृहातली प्रेक्षकांची गॅलरी बंद होती. आम्हा सगळ्यांना खालच्या उपाहारगृहात बसवलं. तिथं भिंतीवर टीव्ही होता. दुसरं वाचन कलमवार चाललं. प्रत्येक कलमाला सूचना, प्रत्येक सूचनेवर बटण, पडद्यावर हिरवे आणि लाल ठिपके. मी कॉफी आणली, ती आजींच्या हातात द्यायची विसरून स्वतःच प्यालो. बाकी खुर्च्यांमागं उभे असलेले माझ्यासारखेच, कुणी केरळचे, कुणी फिलिपिन्सचे, सगळ्यांचे ओठ हलत होते. माझे हलत नव्हते. हिरवा जास्त झाला की बायकोचा चेहरा समोर यायचा, लाल जास्त झाला की आजींना वृद्धाश्रमात पलंगावर वळवणारं कोणी अनोळखी. कोणाच्या बाजूनं हात जोडावे हेच ठरेना. शेवटी मी नुसताच टीव्ही पाहत राहिलो.

तिसरं वाचन लहान असतं. सभापतींनी एक वाक्य म्हटलं, ठिपके आले, बहुतेक हिरवे. सँडविचवाल्या बाईंचाही हिरवा, असं आजी म्हणाल्या. केरळची एक बाई खाली बसूनच रडायला लागली. आजींनी माझी बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

बसच्या रॅम्पजवळ उभं राहून मी घरी फोन लावला.

"झाला," मी म्हणालो.

"झाला काय." मग म्हणाली, "कायदा काय म्हणते? राहाच म्हणते?"

"नाही. राहू शकता म्हणते."

"अन् तुमी काय म्हणता?"

सकाळपासून मला वाटत होतं की हे आज दुसरंच कोणी ठरवणार आहे. मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. आजींनी डावा हात पुढे केला. "दे इकडे." मी फोन त्यांच्या कानाला धरला, कारण त्यांना एका हातानं धरता येत नाही फार वेळ.

"पोरी, तू माझ्या विरुद्ध नवस केलास म्हणे."

तिकडून बायको म्हणाली, "होय आजी. तुमी नवस केला तं मीबी केला. माहा तं माणूसच हाय तो."

"बरोबर आहे तुझं. दिवाळी कधी आहे यंदा? मी विसरते."

बायकोनं सांगितलं.

"तोपर्यंत मला दे. तेवढ्यात मी दुसरं माणूस पाहते. मग पाठवते, कायमचा. चालेल?"

"सायरन झाला का मले सांगा मंग. हे काही सांगत नाई, काही नाई झालं म्हणतात फक्त."

"मी सांगेन. हा खोटं बोलतो, दर्शन चांगलं झालं म्हणतो."

मी मधे फोन धरून उभा. दोघींपैकी कोणी मला विचारलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. मला एवढंच दिसत होतं की आजींनी दिवसभर ज्याच्यासाठी इतकी धडपड केली, ते आताच स्वतःच्या हातानं सोडून दिलं, रॅम्पवर, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना. मी फोन खिशात टाकला. "उभा काय राहतोस," त्या म्हणाल्या, "ब्रेक काढ."

शुक्रवारी मलिदा झाला. पोहे चिखल झाले नाहीत.

हे लिहितो आहे तेव्हा दिवाळीला थोडेच दिवस उरले आहेत. या कायद्यानं इथं थांबलेली, पण ज्यांचं म्हातारं माणूस वारल्यानं दुसरं घर शोधावं लागतंय अशी काही मदतनीस माणसं आहेत. त्यातले दोघं आजींना भेटून गेले. एक त्यांना आवडला नाही कारण तो फार हळू बोलतो, आणि दुसऱ्यानं टमाटे जाड चिरले. सायरन झाला की त्या मला आधी सौंसरला फोन लावायला लावतात आणि स्वतः सांगतात, झाला, गेला, ठीक आहोत. बायको ऐकून घेते आणि मग एकच विचारते, आजी, मिळालं का माणूस?

आजी म्हणतात, पाहून राहिले.