मेणाच्या वडीतला दादा

लॅबमध्ये काम केलं की किस्से साठतातच, बरण्या साठतात तसे. फरक एवढाच, बरणीवर नाव लिहिलेलं असतं आणि तपासून झालं की ती टाकता येते. किस्से टाकता येत नाहीत. माझे सगळे किस्से दादासाठी असायचे. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या लूमवर शिफ्ट करून तो यायचा, ताटावर बसायचा आणि म्हणायचा, "बोल लॅबवाल्या, आज कुणाची गाठ?"

दादा जाऊन दोन महिने झाले. किस्से पडून आहेत. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी आठवीत शाळा सोडली. माझं काम सोपं. दवाखान्यांतून काढलेल्या गाठींच्या बरण्या मोटरसायकलवर गोळा करायच्या. सलीमभाई गाठीचे तुकडे मेणाच्या वडीत बसवतात, वडीचे पातळ काप काढतात. मग डॉक्टर मॅडम मायक्रोस्कोपखाली बघून सांगतात, साधी की कॅन्सरची.

* * *

जेऊरकडचे एक मामा बायकोच्या पाठीवरची गाठ लोणच्याच्या बरणीत घेऊन आले. आत औषधाचं पाणी नाही, खडेमीठ! "नासू नये म्हणून टाकलंय," म्हणाले.

सलीमभाई म्हणाले, "मामा, मोहरी राहिली की!"

दादाला ऐकून ठसकाच लागला. पुढचं मी त्याला सांगितलं नव्हतं. तुकडा खराब झाला होता, मॅडमना काहीच दिसलं नाही. मामी परत आल्याच नाहीत.

* * *

एकदा मॅडमनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. एका लहान पोरीच्या गालावरची, केसाच्या मुळाशी झालेली गाठ होती. खड्यासारखी टणक. गुलाबी रंगात नुसते पोकळ गोल दिसत होते.

"ह्यांना घोस्ट सेल म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "पेशी मेलेली असते, तिचा आकार तेवढा उरतो. ही गाठ बहुतेक वेळा साधी असते."

मी 'बहुतेक' सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं.

* * *

दादाच्या मानेवर, केस संपतात तिथं, हरभऱ्याएवढं काहीतरी आलं. जेवताना मी दाबून बघितलं. खडा!

"दादा, ही भुतांची गाठ! साधी हाय."

आई भाकरी थापत होती. "डॉक्टरला दाखवा की एकदा."

"आई, मी रोज गाठीच बघतो. साधी हाय म्हणलं ना!"

दादा हसला. "घरातच डॉक्टर हाय, दवाखाना कशाला?" कारखान्यातही तो हेच सांगत सुटला. गाठ बोराएवढी झाली तरी सांगत होता. लिंबाएवढी झाल्यावर सांगायचा थांबला.

* * *

त्याच दिवसांत एक टेलर चाचा आले. त्यांचं बोट कापावं लागलं होतं, कातडीचा कॅन्सर. तपासणी झाल्यावर बोटाचं उरलेलं मागायला आले. दफन करायचं म्हणे.

मी फसकन हसलो. "चाचा, बोटाची मय्यत?"

चाचा रागावले नाहीत. "बेटा, चालीस साल इसी उंगली से सुई पकड्या मैं."

सलीमभाईंनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. रात्री जेवताना दादाही हसला नाही. "असं हसू नये रे," एवढंच म्हणाला.

* * *

दादाची गाठ काढली, तेव्हा बरणी घेऊन तो स्वतःच माझ्या मागं मोटरसायकलवर बसला. मानेला हे मोठं बँडेज! खड्डा आला की ओरडायचा, "हळू चालव की, गाठीला चक्कर येती!"

चार दिवसांनी मॅडमनी दोघांनाही बोलावलं. त्यांचा चहा तसाच गार पडला होता. भुतं होती, पण त्यांच्या शेजारी जिवंत पेशी वेड्यासारख्या वाढल्या होत्या.

"किती दिवस होती ही?"

"वर्ष झालं असंल," दादा म्हणाला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू इथं काम करतोस. वर्षभर काय करत होतास?"



"न्हाय मॅडम," दादा म्हणाला, "हा रोज मागं लागायचा. मीच टाळलं."

कॅन्सर फुप्फुसात आधीच पोचला होता.

* * *

परवा आईनं विचारलं, "दवाखान्यातनं त्याचं सगळं आणलं न्हवं? तितं काय राहिलं तर न्हाय?"

दादाच्या गाठीच्या मेणाच्या वड्या लॅबच्या कपाटात होत्या. मी रोज त्या कपाटासमोरून जात होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे एक वडी मागितली. घरच्यांना सही करून देतात. रजिस्टरमध्ये 'कारण' असा एक रकाना असतो. सगळे लिहितात, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची आहे. मी लिहिलं, घरी न्यायची आहे. मॅडमनी वाचलं आणि खाली सही केली. सलीमभाईंनी न सांगताच पांढरं फडकं काढलं.

आईनं वडी तळहातावर घेतली. मेणात नखाएवढा तुकडा, त्यात एक काळी रेघ.

"हे काय?"

"केस हाय त्याचा."

तिनं पदरानं वडी पुसली. दारात उजेडाला नेऊन उलटीपालटी करून बघितली. बराच वेळ बघितली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "साधीच दिसती की रे."