दोन गोळे आणि शेठचा हात

खंडेनवमीच्या दुपारी शेवंता बैसाणे दोंडाईच्याच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत शिरली, समोरच्या टेबलाकडे तिने पाहिलं आणि ती दारातच थांबली.

सकाळी तिने त्या टेबलावर लाकडी स्टँड मांडला होता. त्याला दोन रेशमी दोऱ्यांवर ॲल्युमिनियमचे दोन पोकळ गोळे टांगले होते, लिंबाएवढे, हलके. लोकरीवर घासलेली एबोनाइटची दांडी दोघांना टेकवली की गोळे भांडलेल्या जावांसारखे एकमेकांपासून लांब सरकायचे. सकाळी तीनदा सरकले होते. आता त्याच गोळ्यांवर हळदकुंकवाची ओली बोटं उमटली होती, स्टँडवर झेंडू होता आणि दोऱ्यांवरून नारळाचं पाणी ठिबकत होतं.

हे कुणी वाईट बुद्धीने केलं नव्हतं, हीच तर पंचाईत. नवमीला शाळेतल्या झाडून सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. करवतीपासून तराजूपर्यंत. नारळ फोडायचे ते संस्थेचे अध्यक्ष रतिलालशेठ, सरकी-कापसाचे मोठे व्यापारी. प्रयोगशाळेचा शिपाई चिंधाआबा शेवंतावर जीव टाकायचा. आज बाईंचा पाठ, म्हणून त्याने बाईंचेच गोळे पूजेत सगळ्यांच्या पुढे मांडले. शेवंताला मात्र पूजेला कुणी बोलावलं नव्हतं. त्या बौद्ध, उगाच कशाला अवघडवायचं, असा सगळ्यांनी परस्पर समजूतदारपणा केला होता. एवढा समजूतदारपणा माणसांना सुचतो कसा, देव जाणे.

पाठ साधासुधा नव्हता. उमेदवारीची दोन वर्षं संपत आली होती. आज निरीक्षकसाहेब आणि अध्यक्ष मागच्या बाकावर बसून पाठ बघणार, आणि त्यावर तिची नोकरी कायम व्हायची किंवा जायची. घरात पहिली शिकलेली तीच. तिचे वडील गुलाबआबा अमळनेरला तेलाच्या गिरणीत हमाली करत. लहानपणापासून त्यांनी 'हात लावू नको' हे इतक्यांदा ऐकलं होतं, की अजूनही दुकानात गेले तर लांबूनच बोट दाखवायचे आणि दुकानदाराने वस्तू हातात दिल्यावरच घ्यायचे. शेवंता चिडायची. ते म्हणायचे, "सवय शे पोरी, जात नहीं."

ती काही करायच्या आतच पाहुणे आले. मुलं उभी राहिली, बसली. शेवंताने दांडी घासली, गोळ्यांना टेकवली. गोळे ढिम्म. पुन्हा घासली, पुन्हा टेकवली. मढ्यासारखे लोंबत राहिले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं, मुख्याध्यापकांनी रुमालाने मान पुसली.

तिला कारण कळत होतं. ओल्या दोऱ्यांवरून विजेचा भार वर स्टँडमध्ये निघून जात होता. दोरे वाळवायचे आणि गोळे पुसायचे, एवढंच काम. पण ते कुंकू अध्यक्षांच्या हातचं, आणि पुसणारी कोण, तर बैसाण्यांची पोरगी. उद्या गावभर काय होईल, हे तिला न सांगता दिसत होतं.

"आबा, कोरडं फडकं द्या," ती म्हणाली.

चिंधाआबा फडकं घेऊन तिच्या जवळ आला, पण देईना. "बाई, शेठना हातनं कुंकू शे ते."

"माहितीये. द्या."

तिने गोळे पुसले. पिवळे-लाल डाग फडक्यावर उतरले. मग तिने स्टँड उचलून खिडकीत ठेवला. ऑक्टोबरचं खानदेशी ऊन, ते काय ओलावा ठेवतंय! तोवर फळ्याकडे वळून तिने नियम शिकवला: सारखे भार एकमेकांना ढकलतात, अंतर निम्मं केलं तर बळ चौपट होतं. खडू दोनदा मोडला. पाठीवर शेठची नजर आहे हे तिला मागे न बघताही कळत होतं.

दोरे वाळले. स्टँड टेबलावर आला. दांडी टेकवली मात्र, गोळे ताडकन फाकले आणि तसेच राहिले. मुलं "ओ!" करून ओरडली.

तेवढ्यात रतिलालशेठ उठले. बाकांमधून चालत थेट टेबलाशी आले. मुख्याध्यापक अर्धवट उभे राहिले. वाकून त्यांनी गोळ्याकडे बोट नेलं. गोळा त्या बोटाकडे ओढला जाऊ लागला.

"शेठ, हात लावू नका!"

तोंडातून निघून गेलं. आणि आपण काय बोललो, कुणाला बोललो, ते मग तिच्या ध्यानात आलं. शेठचं बोट हवेत तसंच थांबलं.

"लावला तर?"

"भार तुमच्या अंगातून जमिनीत जाईल. गोळे पुन्हा लोंबतील."

शेठने तिच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या फडक्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतला, पाठीशी बांधला आणि जागेवर जाऊन बसले. "साहेब," ते निरीक्षकांना म्हणाले, "आमच्यातर्फे कायम लिहा. आणि चिंधा, पुढल्या वर्षी नारळ बाहेर फोडायचा."

संध्याकाळी शेवंता पॅसेंजरने अमळनेरला उतरली. दुसऱ्या दिवशी दसरा, विहारात कार्यक्रम होता. गुलाबआबा ओट्यावर चहा पीत बसले होते.

"कायम व्हयनी का?"

"व्हयनी." आणि तिने सगळं सांगितलं. कुंकू पुसल्याचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "आबा, मी शेठले सांगं, हात लावू नका."

आबांनी कप खाली ठेवला. "शेठले?"

"हा."

"मंग? त्यानी ऐकं?"

"ऐकं. हात मांगे लिधा."

आबा बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "परत सांग."