मोटारीचा खांदा

घरच्या मोटारीनं ट्रॉली ओढता येते का? येते. मी ओढली आहे. पिपरी मेघेत राहणारा माझा पोरगा म्हणते, बाबा, ते धूड भंगारात द्या. देत नाई. माझी बायको यंदाच्या उन्हाळ्यात गेली, तवापासून ज्याले त्याले माझं घर आवरायची घाई झाली आहे.

मोटार चार दारांची, मागं डिक्कीवाली. सत्तर सालानंतर सेलूच्या एका व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली होती. आम्ही तवा हिंगणीले राहत होतो. शेतात पाण्याचं इंजिन न्यायले मी जुन्या जीपच्या चाकांवर एक लहान ट्रॉली बनवून घेतली अन् मोटारीच्या मागं हूक लावला. मिस्त्री म्हणे, स्प्रिंगचे पाटे बसतील, क्लच जळंल, अन् उतारावर ट्रॉलीच तुले ढकलत नेईल, तिले कुठं ब्रेक आहे. माझा मोठा भाऊ गावभर सांगत फिरला की यानं मोटारीले शेपूट लावलं. ट्रॉली गोठ्यामागं पडून राह्यली. तिच्यात कोंबड्या बसू लागल्या.

मग पोळा आला. आदल्या सांजेले बायकोनं बैलाइच्या खांद्याले हळद-तूप चोळलं, जेवाचं आवतण दिलं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाईत, हे आमच्याकडं लेकरालेही ठाऊक. अन् त्याच सकाळी तिची गाय अडली. तिच्या बापानं लग्नात आंदण दिलेल्या गाईच्या वंशातली ही शेवटची. बाप मेला होता, माहेर सरलं होतं, हे एक जनावर उरलं होतं. वासराचा एक पाय बाहेर अन् बाकी सारं आत.

मी मोटार घेऊन सेलूले गुरांच्या दवाखान्यात गेलतो. डॉक्टर एकटा, समोर पोट फुगलेला बैल आडवा पडलेला. म्हणे, याले सोडून मले येता येत नाई. दुपारच्या आत गाय इथं आणली तर दोन्ही जीव वाचतील.

घरी आलो तर भाऊ म्हणे, जुंप बैल, देव माफ करते. बायको आजवर कधी भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, बोलली नव्हती. तिनं पदर सावरला.

"काल मी त्याइच्या खांद्याले हळद लावली. आज जू ठेवू देत नाई." मग माझ्याकडं वळली. "तुमी हूक लावला ना? मंग उभे काऊन राह्यले?"

भाऊ म्हणे, "मोटार माणसाइले बसाची असते."

मी म्हटलं, "तू बसू नको."

फळी लावून गाय ट्रॉलीत चढवली. बैलगाडी भरताना बैलाच्या मानेवर भार नको म्हणून आम्ही माल जरा मागं सारतो. माझ्या हाताले तीच सवय. गाय पार मागं बांधली. बायको तिच्या गळ्याले धरून ट्रॉलीतच उभी राह्यली. गावाबाहेर निघालो अन् ट्रॉली उलार झाली. मागं दबली, पुढचा दांडा वर उठून हुकाले झटके देऊ लागला. मोटारीचं बूड सापासारखं डावीकडं-उजवीकडं हालू लागलं. बायकोनं मागून आवाज दिला. थांबलो.

"मोटारीले कुठं मान दुखते?" ती म्हणाली. "गाय पुढं घ्या."

गाय पुढं घेतली. मोटारीचं मागचं अंग खाली बसलं, पण ट्रॉली सरळ चालू लागली. नाल्याच्या उतारावर ती मागून ढकलू लागली, तवा पहिल्या गिअरात टाकून इंजिनावरच आवरली. वर चढताना क्लचचा जळका वास सुटला. मिस्त्री खोटं बोलला नव्हता. पण क्लच जळला नाई, अन् मी थांबलोही नाई.

डॉक्टरानं कोपरापर्यंत हात घातला, दोरी लावली, मी अन् बायकोनं ओढली. कालवड झाली. जिती. गाय वळून तिले चाटू लागली तवा बायको तिथंच मातीत बसली अन् रडली. लग्नापासून मी तिले असं रडताना पाह्यलं नव्हतं.

सांजेले गाय-वासरू ट्रॉलीत घालून गावात आलो. तोरणाखाली बैल उभे होते, सारा गाव जमलेला. बायकोनं आधी आमच्या बैलाइची पूजा केली. मग वाटी घेऊन मोटारीच्या मागं आली, वाकली, अन् हुकाले हळद-तूप चोळू लागली. लोक हसले. सकाळी भावाच्या बाजूनं बोललेला शेजारचा एक जण म्हणे, "वहिनी, यंत्राले काय समजते?"

"सकाळी तुमाले तरी काय समजलं होतं, भाऊजी?" ती म्हणाली, अन् चोळत राह्यली.

मग दर पोळ्याले ती हे करत आली. मोटार बंद पडली, ट्रॉलीचे पत्रे सडले, तरी.

यंदाचा पोळा तिच्याशिवाय पहिला. आदल्या सांजेले मी वाटीत हळद-तूप कालवलं. जास्तच पातळ झालं, मले कुठं जमते. गुडघे टेकून हुकाले चोळलं. पोळ्यासाठी आलेला पोरगा दारात उभा राहून पाहत होता. मग आत जाऊन आणखी हळद घेऊन आला. बरं केलं.