चार खरवडलेल्या जागा

या सोमवारी बुलढाण्याला आमच्या जीपचं पासिंग होतं. आणि शुक्रवारी सकाळी जानेफळला घरासमोरच्या लिंबाखाली बघतो तर डावा इंडिकेटर बिघडलेला... पुढचा दिवा घाईघाईत लुकलुकायचा, मागचा ढिम्म. ब्रेक दाबला की मात्र तोच मागचा दिवा अंधूक पेटायचा.

जीप जुनी आहे, महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागेची. आजोबांनी घेतली, बाबांनी चालवली, मग दादानं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. सहा वर्षं झाली, पुण्याकडे कंपनीत आहे.

या वेळी त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं, "पासिंग झालं तं ठेवू. नाही झालं तं देऊन टाक भंगारात. काऊन सडवतं तिले?"

मी हो म्हणालो. पण दादा गावी आला की पाणी प्यायच्या आधी जीपचं बोनेट उघडतो... जीपच नसली तर तो कशासाठी येईल, हे विचारायची हिंमत झाली नाही.

या जीपला मुळात इंडिकेटर नव्हतेच. लहानपणी मी दादाच्या डाव्या बाजूला बसायचो. वळण आलं की तो म्हणायचा, "हात दाखव बे!" मी खांद्यापासून हात बाहेर काढायचो. सगळा रस्ता आपल्या हातावर थांबलाय असं वाटायचं...

एकदा कडब्यानं भरलेली बैलगाडी अगदी जवळून गेली आणि तिचं लाकूड हाताला घासलं. कोपरापर्यंत सालटं निघालं. त्याच आठवड्यात दादानं मेहकरहून चार दिवे, वायर आणि बटण आणलं आणि दोन दिवस खपून स्वतः इंडिकेटर बसवले. मी मात्र रुसलो होतो, माझं काम गेलं म्हणून.

तर शुक्रवार. माझं शिक्षण दहावीला अडकलं, पण वहीत लिहून काम करायची सवय आहे. फ्यूज पाहिला, ठीक. बल्ब बदलला, फरक नाही. होल्डर पॉलिश पेपरनं घासला, फरक नाही. प्रत्येक ओळीपुढे खूण केली.

शनिवारी जीप मेहकरला सलीमचाचांकडे नेली. बाबांच्या वेळेपासूनचे मिस्त्री. जीपकडे बघून म्हणाले, "अरे बापरे! हे तं नवरी सजवून आणली तुनं! आरसा पाहू का दिवा पाहू?"

कारण पासिंगसाठी मी जीपला नवा रंग दिला होता. पंधरा दिवस एकट्यानं. सगळे दिवे काढून, पत्रा घासून, जिथं जिथं ओरखडा तिथं पुटिंग भरून दोन हात हिरवा रंग.

चाचांनी दिव्यांना टिकटिक लुकलुकवणारा फ्लॅशर नवा लावून पाहिला. तसंच. "वायरिंगच काढा लागते सगळी. आता मंगळवारीच ये," म्हणाले. पासिंग सोमवारी...

रविवारी दुपारी, दादाच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. तो म्हणाला, "कायले घाबरतं बे? काय काय केलं थे पह्यल्यापासून वाच." मी वही उघडून वाचायला लागलो. पहिलीच ओळ होती, दिवे काढले, रंग दिला.

त्यानं मला तिथंच अडवलं. मग म्हणाला, "दिव्याखाली मी चार जागा खरवडल्या होत्या. त्या कुठी गेल्या?"

मला त्या जागा आठवल्या. प्रत्येक दिव्याखाली रुपयाएवढी, रंग उडालेली, उघड्या पत्र्याची जागा. मला त्या घाण दिसल्या होत्या. मी त्या सगळ्यात आधी बुजवल्या होत्या.

"अबे, दिव्याची एक वायर बटणापासून येते, अन् परतीचा करंट पत्र्यातूनच जाते. तुनं रंगानं रस्ताच बंद केला त्याचा!" आणि तो हसायला लागला. खूप दिवसांनी असा हसला...

मागचा डावा दिवा काढला. माझाच रंग, माझंच पुटिंग खरवडताना जिवावर आलं. खाली दादाच्या कानशीच्या आडव्या रेघा तशाच होत्या. दिवा पुन्हा आवळला, बटण दाबलं... टिक, टिक, टिक. बाकीचे तीन दिवे स्क्रूच्या टोकांवर कसेबसे चालत होते; मग त्यांच्या जागाही मोकळ्या केल्या.

सोमवारी पासिंग झालं. आरटीओच्या साहेबांनी डावा, उजवा पाहिला आणि सही केली. एवढंच. माझा शर्ट मात्र पाठीला चिकटला होता.

येताना गावाच्या फाट्यावर डावीकडे वळताना बटण दाबलं. वळून गाडी कडेला घेतली, तरी इंडिकेटर चालूच ठेवला. दादाला फोन लावला आणि फोन फ्लॅशरजवळ धरला.

तिकडून मशीनचा आवाज येत होता. मग तो दूर गेला; दादा नीट ऐकायला बाहेर आला असावा.

"बाजूले कोण बसलं हाये?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"दसऱ्याले येऊन राह्यलो मी. गाडी तू चालव... हात मी दाखवतो."

दसऱ्याला अजून एकोणीस दिवस आहेत. डाव्या सीटवर पेट्रोलचा कॅन ठेवायची मला सवय लागली होती... आज तो उचलून मागे ठेवला.