पिंजऱ्यापाशी आवाज नको

विशाखाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवनीच्या बाजारात मरळ निवडत होतो. तिच्यासाठीच. रविवारी अड्याळला तिच्याकडे जेवायचं आणि मासळी मी न्यायची, असा आमचा ठराव होता. तिचा धाकटा भाऊ प्रकाश फोनवर एवढंच म्हणाला, "दादा, ताई सकाळी उठलीच नाही." मी स्कूटर काढली आणि थेट अड्याळ गाठलं. अंगणात माणसं मान खाली घालून बसलेली, मी प्रकाशच्या खांद्यावर हात ठेवलेला... आणि माझ्या दुसऱ्या हातातली थैली जोरात फडफडली. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. घाईत मी ती थैली, हार आणावा तशी, सरळ आत घेऊन आलो होतो. सगळ्यांनी आधी थैलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दादा, मागं बादलीत टाका तिले," प्रकाश हळूच म्हणाला. बादलीवर वाकलो तेव्हा मनात आलं, ताई असती तर पाहुण्यांना सोडून आधी इथं येऊन बसली असती, ही अजून श्वास कशी घेते ते पाहायला. मग मात्र मला तिथंच रडू फुटलं.

ताई माझी आतेबहीण. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत तिनं नोकरीची सगळी वर्षं पांढऱ्या उंदरांत काढली. स्टिरॉइड हार्मोन्समुळे शरीरातल्या गाठी वाढतात की आक्रसतात, हा तिचा विषय. आता लिहितो आहे इतक्या सफाईनं हे वाक्य मला तेव्हा म्हणता येत नव्हतं. तिच्या लग्नाच्या बोलण्यात मी "ताई उंदराच्या खात्यात आहे" असं सांगायचो आणि मंडळी पुन्हा फिरकत नसत. आत्याला तर वेगळंच कोडं. "आमी धानाच्या कोठीत उंदराचं औषध टाकतो, अन् हिले उंदीर पोसायचा पगार भेटते," ती आल्यागेल्याला सांगे. ताई म्हणायची, "आई, एक दिवस अदलाबदल करू. तुझे मी पाहते, माझे तू पाहा. पण माझे मोजावे लागतात."

एकदा आत्यानं दिलेला डबा घेऊन मी तिथं गेलो. ताईनं माझे हात धुवून घेतले, अंगावर पांढरा कोट चढवला आणि ओठांवर बोट ठेवून आत नेलं. शेजारी शेजारी दोन पिंजरे, दोन्हींतल्या माद्यांना स्तनाच्या गाठी. एका पिंजऱ्यातल्या माद्यांची अंडाशयं काढलेली होती. त्यांच्या गाठी आक्रसत चालल्या होत्या. "याईले तेच हार्मोन बाहेरून दिलं की गाठ पुन्हा वाढते," ती कुजबुजली. "बहुतेकींत वाढते. एखादीत काहीच होत नाही. मले त्या एखादीचंच पडलं आहे." मी गंभीरपणे मान हलवली आणि डबा बाहेरच ठेवला आहे ना, हे मनात पुन्हा एकदा आठवून घेतलं.

तिचा एक प्रयोग फसला तेव्हाची तिची खुशी मला कधीच कळली नाही. त्या खेपेला गाठी निराळ्या होत्या, लसिकाग्रंथींच्या. कॉर्टिझोनसारख्या स्टिरॉइडनं आक्रसणाऱ्या. पण ज्या उंदरांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्याही आक्रसल्या. ताई कितीतरी दिवस त्या खोलीत नुसती बसून राहिली. शेवटी सापडलं ते तिनं मला हरखून सांगितलं, की भिंतीपलीकडे नवा पंप बसला होता. तो सुरू झाला की उंदीर दचकून एकमेकांवर चढत, आणि त्या भीतीनं त्यांच्याच अंगात स्टिरॉइड सुटत होतं. "म्हणजे भीती चांगलीच की," मी म्हणालो. ताईनं माझ्याकडे पाहिलं. "गाठ लहान झाली रे, पण उंदीर वाळून राहिले होते." तेव्हापासून तिच्या खोलीत कोणी मोठ्यानं बोललं की ती म्हणे, "पिंजऱ्यापाशी आवाज नको."

मागच्या वर्षी सुनंदाच्या, माझ्या बायकोच्या, छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि पुढं काही वर्षं रोज एक गोळी. गोळीनं अंगाची आग व्हायची, हातांचे पंजे दुखायचे. सुनंदा म्हणाली, मी सोडते ही गोळी. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी भाषण करतो. त्यात भेटायला येणारे. कोंढ्याच्या मावशीनं पलंगाशेजारी बसून, "आमच्या गल्लीतल्या एकीले असंच झालं होतं..." अशी सुरुवात केली. निवृत्त होऊन अड्याळला परतलेली ताई तिथंच होती. "मावशी, चहा ओसरीत घेऊ. पिंजऱ्यापाशी आवाज नको." मावशीनं चहूकडे पाहिलं. "कोणता पिंजरा वं?" ऑपरेशननंतर सुनंदा पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

मावशी गेल्यावर मी म्हणालो, "ताई, तू उंदरात पाहिलं ना? मग सांग हिले, गोळी सोडू नको म्हणून."

"उंदरात पाहिलं ते उंदराचं," ताई म्हणाली, आणि सुनंदाकडे वळली. "तुझ्या रिपोर्टात आहे, तुझ्या गाठीच्या पेशी हार्मोनले ओळखतात. एसटी आली की आपण खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरतो न, तशी ही गोळी त्याची जागा धरून बसते. हार्मोन येते, उभंच राहते."

"अन् कोणी दुपट्टा सरकवून बसलं तं?" सुनंदानं विचारलं.

ताईचा चेहरा उजळला. "असंही होते. कायले होते, ते पूर्ण मलेही माहीत नाही. तुले काय त्रास होते ते सगळं डॉक्टरले सांग, दुसऱ्याही गोळ्या असतात. अन् मलेही सांगत जा."

त्यानंतर दर रविवारी, मी मासळी साफ करत असताना, दोघी बोलत बसायच्या. कुठं दुखलं, कधी थांबलं. मला त्यात जागा नसे, पण गोळी चालू होती.

म्हणून ताई गेल्यावर मला एकच धास्ती होती, सुनंदा आता गोळी सोडेल. ताईच्या नावानं पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना आटोपून आम्ही घरी आलो. संध्याकाळी मी पाण्याचा पेला घेऊन सुनंदापुढं उभा राहिलो आणि हार्मोन, पेशी, एसटी असं सगळं समजावू लागलो. मध्येच गोंधळलो. एसटीत हार्मोन आधी चढतं की गोळी, हेच मला आठवेना... तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग गोळी घेतली, पेला माझ्या हातात परत दिला, पंजा उघडून मिटून पाहिला आणि म्हणाली, "ताईनं मले एकदाही गोळी घे म्हटलं नाही. कसं वाटते, तेवढं विचारे, अन् ऐके. काल दिवसभर पंजा दुखला नाही. काहून, ते मले माहीत नाही. पण पाहून राहिली मी."