पहिलं पाणी

आमच्या तीस वर्षांच्या संसारात एकच भांडण निकाली निघायचं राहिलं. बायकोचं म्हणणं, रॉडने पाणी नीट तापत नाही. माझं म्हणणं, तापतं. ती गेली त्याला दोन वर्षं झाली, तरी मला वाटायचं की बरोबर मीच होतो. माळव्यातल्या सोनकच्छच्या शाळेत जन्मभर फिजिक्स शिकवलेला मास्तर मी. मी कुठला ऐकतोय!

ती धारची. माहेरी तांब्याचा बंब, पाण्याला तोटा नाही. इथे गावाच्या टोकाला घर, मागे गव्हाची शेतं, आणि न्हाणीत बादलीत सोडायचा एकुलता एक रॉड. घरची रीत अशी की पहिलं पाणी माझं, कारण देवपूजा माझ्याकडे. ती पाचला उठून माझी बादली लावायची. साडेपाचला मला पाणी मिळायचं ते इतकं कढत, की हात घालवत नसे. माझी आंघोळ होऊन न्हाणी मोकळी झाली, मी पूजेला बसलो, की मग सहाला तिची बादली लागायची.

"माझ्या वेळेला तापतच नाही हो," ती म्हणायची. "गुडघे धरून आलेत."

"रॉडला काय कळतंय, आंघोळीला कोण बसलंय ते?" मी म्हणायचो. पाहुणे असले की जरा मोठ्यानेच. सगळे हसायचे, तीही हसायची.

एका रविवारी मला ताव आला. शाळेतून मीटर आणले होते. भर दुपारी रॉड लावला आणि न्हाणीच्या दारामागे भिंतीवर पेन्सिलीने गणित मांडून दाखवलं. व्होल्टेज दोनशे तीस, करंट साडेसहा अँपिअर. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, पस्तीस ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर, जवळजवळ पंधराशे वॅट.

"बघ, रॉडवर छापलंय तेवढीच आहे. वीस मिनिटांत पाणी तापलंच पाहिजे. तुला उगाच वाटतं."

पदराला हात पुसत तिने ते आकडे पाहिले. "बरं," म्हणाली. त्यानंतर तिने पाण्याचं नाव काढलं नाही. मी जिंकलो म्हणून खुशीत होतो.

मागच्या थंडीत मुलीने मला पुण्याला नेलं होतं. यंदा म्हटलं, नको, आपलं घर बरं. बरं कसलं डोंबलाचं! दूधवाला "माटसाब, दूध" म्हणून ओरडतो, तेवढाच दिवसभरातला माणसाचा आवाज. उठवायला कोणी नाही, तेव्हा सातशिवाय डोळा उघडत नाही. साडेसातला रॉड लावला, वीस मिनिटांनी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि शहारलो. पाणी कोमट. दुसऱ्या दिवशी तेच. म्हटलं, गेला रॉड. घरातलं जुनं मीटर काढून पाहिलं तर रेझिस्टन्स पस्तीस ओहम, होता तसाच.

कुंपणापलीकडे शेजारचा शेतकरी दातण करत उभा होता. त्याला विचारलं, "भिया, रॉड तो ठीक है, फिर पानी गरम क्यों नी होता?"

तो हसायलाच लागला. "माटसाब, छे बजे से मोटरां चालू हुई जाय. फेर वोल्टेज कां से आयगो?"

तसाच आत आलो. रॉड चालू ठेवून व्होल्टेज मोजला. एकशे साठ. त्याला पस्तीसने भागलं, करंट साडेचार अँपिअरच्या जरासा वर. गुणाकार केला, सातशे तीस वॅट. पंधराशेच्या निम्मेसुद्धा नाहीत!

आणि हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? शेतांवरच्या पाण्याच्या मोटारी चालल्या की घरातले बल्ब मंदावतात, हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात द्यायचो. पोरांना दटावायचो, "पहले नापो, फिर लिखो." आणि स्वतः मोटारी बंद असतानाचा, दुपारचा व्होल्टेज घेऊन तिच्या सकाळचं गणित सोडवून बसलो होतो. एकदा, फक्त एकदा, सहाला मीटर लावलं असतं तर?

दारामागे गेलो. आकडे अजून तिथेच होते. दर दिवाळीला भिंतींना चुना देताना तेवढी जागा ती सोडून द्यायची. "राहू दे, तुमचं गणित आहे," म्हणायची. त्याच्याखाली मी नवे आकडे लिहिले. "चुकलो गं," मोठ्याने म्हणालो. घरात ऐकायला कोण होतं?

मोटारी सहाला चालू होतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारणींकडून तिलाही कळलं असणारच. म्हणून तर ती पाचला उठायची. त्या एका तासात एकच बादली तापायची, आणि ती तिने मला दिली होती. "आज तू आधी जा," एवढं म्हणायला मला काय झालं होतं? तीस वर्षांत एकदाही म्हणालो नाही.

आता गजर लावून पाचला उठतो. साडेपाचला पहिलं पाणी कढत झालं की ती बादली बाजूला सरकवतो. मग सहाला दुसरी लावतो आणि त्या पाण्याने आंघोळ करतो. मुलीला कळलं तर ती मला वेड्यात काढेल. पहिली बादली दुपारपर्यंत तशीच असते, मग मी ती तुळशीला घालतो.