तांब्यात उरलेलं पाणी

बारामतीच्या दवाखान्यात ह्यांनी शेवटचं पाणी मागितलं, दोनच घोट घेतले आणि पेला माझ्या हातात देत म्हणाले, "उरल्यालं सांडू नगंस." जाताना माणसं काय काय सांगून जातात... आमच्या ह्यांना पाण्याची पडली होती.

ही सवय मूळची नव्हे. भवानीनगरच्या कारखान्यात नोकरी, दाराशी कालव्याचा फाटा. हे अंघोळीला बसले की अर्धं अंगण भिजायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा गळीत हंगाम संपल्यावर कारखान्यातल्या चंद्रकांत फिटरनं आम्हाला त्याच्या गावी नेलं. रायगडकडचं इवलंसं बेट, पिढ्यान्‌पिढ्या कोळ्यांचीच वस्ती. त्याच्या म्हाताऱ्या आईनं दारात भरला हंडा आणून ठेवला. पाहुण्यानं आधी पाय धुवायचे, ही आपली रीत. ह्यांनी पाय धुतले, तोंड धुतलं, मानेवर ओतलं आणि उरलेलं अंगणात भिरकावून हंडा पालथा घातला. म्हातारी रिकामा हंडा कमरेवर घेऊन होडीकडे निघाली.

"आय कुठं निगाली रं?" ह्यांनी विचारलं.

"पाण्याला, खाडीपल्याड," चंद्रकांत म्हणाला. "हितली विहीर उन्हाळ्यात खारट होते."

हे तसेच अनवाणी धावले. वल्हं मारता येईना, म्हणून हंडा मांडीवर घेऊन होडीत बसून राहिले. वल्हं म्हातारीच मारत होती.

त्यानंतर आमच्या घरात तांब्यातलं उरलेलं पाणी कढीपत्त्याला जाऊ लागलं. मी चिडवायची, "फाटा भरून वाहतोय, आन् तुमी तांब्या राखताय!" तर म्हणायचे, "आय वल्हं मारताना दिसती गं. औंदा जाऊ. तिच्या दारात एक हंडा मी भरून ठेवणार हाय." कधी हंगाम लांबला, कधी माझं दुखणं निघालं... ते जाणं राहूनच गेलं. त्याची चुटपुट आता एकट्या माझ्या वाट्याला आली आहे.

ह्यांना घरी आणलं तेव्हा सुतकाच्या घरातलं साठवणीचं पाणी ओतून द्यायचं, या रिवाजाप्रमाणे शेजारणी हंडे ओतू लागल्या. मी ओरडले, "सांडू नका गं!" त्यांना वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. मला धरून बसवलं आणि हंडे रिकामे झाले. त्या गर्दीत मला समजून घेणारं माणूस एकच होतं, आणि ते अंगणात निजलं होतं.

आता पाहुणे पांगलेत. सकाळी सवयीनं तोच तांब्या भरते. पूर्वी दोघांत जेमतेम उरायचं. एकटीला दिवसभरात अर्धाही संपत नाही. संध्याकाळी उरलेलं कढीपत्त्याला घालते. कधी नव्हे एवढा फोफावलाय तो.